कुलपातले गुलाबजाम

मला गुलाबजामची भीती वाटते.

धाराशिवची सून असून. हसू नका.

आज मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन वर्ष झालं. सकाळपासून फोन येताहेत, मी नुसतं "हो, हो" म्हणतेय. म्हणून लिहून टाकते.

मामा एसटीत कंडक्टर होते. तुळजापूर, उमरगा, सोलापूर, सगळे रूट झालेले. गाडीत कुणी परगावचं दिसलं की तिकिटाबरोबर सल्ला फुकट. "धाराशिवात उतरून गुलाबजाम न खाता गेलाव, तर परत माझ्या गाडीत बसू नका."

मी उमरग्याची. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मला म्हणाले, "तुमच्या उमरग्यात काय हाय सूनबाई? ट्रकच ट्रक."

मी म्हटलं, "ट्रकमधनंच येतो की मामा, तुमच्या गुलाबजामचा मैदा."

"मैदा? अगं खवा हाय खवा! आपल्या भूम तालुक्याचा!"

पुढं कितीतरी दिवस तोच विषय. भाजी वाढायला गेले तरी खवा.

त्यांचा घरात एक रिवाज होता. पाहुणा आला की वाटी आधी मामांच्या हातात. पहिला गुलाबजाम त्यांनी खायचा, मान हलवायची, मगच पाहुण्यांनी चमचा उचलायचा.

मग त्यांना शुगर निघाली. इन्शुलिन सुरू झालं.

रिवाज काही सुटेना.

शेवटी आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, साखर, गूळ, घरातलं सगळं गोड कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली कमरेला. आजाराबद्दल आम्हाला एवढंच कळलं होतं की गोड म्हणजे विष.

आणि सीमाला, माझ्या नणंदेला, बघायला पुण्याचे पाहुणे यायचे ठरले.

त्या दिवशी मामांनी सकाळी इंजेक्शन घेतलं आणि ताट मागं सारलं. "आज जेवत न्हाय. पाव्हण्यांसंगं एक गुलाबजाम खायचाय, तेवढी जागा राखून ठेवतो."

आम्हाला ते शहाणपणाचं वाटलं. आत्याबाई तर खूश. "पहिल्यांदाच डोस्कं चालवलं यांनी."

पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले. दुपार उलटून गेली.

मामा खाटेवर बसलेले. आधी चिडचिड. मग सदरा घामानं भिजला. मग हात थरथरायला लागले, आणि पोटच्या पोरीकडं बघून ते म्हणाले,

"ओ बाई, तिकीट घेतलं का?"

सीमा रडायलाच लागली.

"चोरून खाल्लंय यांनी! साखर वाढली!" आत्याबाई ओरडल्या आणि कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. माझे मिस्टर रिक्षा बघायला धावले. मी मामांचे तळपाय चोळत होते. गार पडले होते.

त्याच वेळी पाहुणे दारात.

मुलाची आई चप्पल न काढताच आत आली. "इन्शुलिन घेतात का? जेवलेत का?"

"सकाळपासून न्हाय," सीमा म्हणाली.

"अहो मग साखर वाढली नाही, उतरलीय! मी स्वतः घेते इन्शुलिन. काहीतरी गोड द्या, लवकर!"

"गोड?" आत्याबाईंनी किल्ली मुठीत धरली. "मारायचंय व्हय त्यांना? तुमी कोण ओ सांगणाऱ्या?"

एक म्हणते द्या, एक म्हणते मरतील. आणि मामांचे डोळे मिटायला लागलेले.

मी आत्याबाईंच्या कमरेची किल्ली ओढली. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या अंगाला असा हात कधी लावला नव्हता. कुलूप काढलं, गुलाबजामचा डबा उघडला, चमच्यानं पाक मामांच्या तोंडात घातला. निम्मा सदऱ्यावर सांडला.

एक घोट गिळला. मग दुसरा. किती वेळ गेला सांगता येत नाही.

मामांनी डोळे नीट उघडले, खोलीभर माणसं बघितली.

"पाव्हण्यांला दिलं का?"

सगळे हसले. त्या बाईसुद्धा. सोयरीक तिथंच जमली. सीमा आज पुण्यात सुखात आहे.

मला मात्र हसू आलं नाही. त्या दिवशी भीती अंगात शिरली ती शिरलीच. मामा दुपारी आडवे झाले की मी तव्यावरची भाकरी सोडून त्यांची छाती बघून यायचे. हलतेय ना?

"हाय अजून, सूनबाई," डोळे मिटूनच म्हणायचे.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी ते जेवून उठले होते. भाकरी, आमटी, सगळं पोटभर. हात धुता धुता मोरीपाशी खाली बसले. घाम. अगदी तसाच.

आता मला माहीत होतं काय करायचं. कपाटाला कुलूपही नव्हतं. मी धावत पाक आणला, ओठांना लावला.

या वेळी त्यांनी गिळला नाही.

डॉक्टर म्हणाले, हार्टचं होतं. साखर बरोबर होती, तुमच्या हातात काही नव्हतं. डोक्याला पटतं ते. जिवाला पटत नाही.

आता माझ्या मिस्टरांनाही इन्शुलिन सुरू झालंय. आज वर्षश्राद्धाच्या पंगतीत ते वाढत होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम निथळला. मी हातातलं पातेलं तिथंच टाकलं. सगळ्यांसमोर त्यांचा दंड धरला. "तुम्ही जेवलात का? आधी सांगा, जेवलात का?"

"अगं लाईट गेलीय," ते म्हणाले. "सगळ्यांनाच घाम आलाय."

पंगत हसली.

आत्याबाई हसल्या नाहीत. भिंतीला धरत धरत आल्या, स्वतःच्या हातानं लेकाला घास भरवला आणि तो गिळेपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मीही बघत होते.

मामा, तुमच्यामागं आम्ही दोघी लई घाबरतो. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.

तुमच्या सूनबाईचा नमस्कार. भरल्या मनानं आदरांजली.