समोरच्या बाईंचा लाईनमन

स्वतःचा मुलगा लपवून ठेवण्याचा इतका भव्य उद्योग अख्ख्या अमिरातीत दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही. अल ऐनला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वसईच्या बाईंनी तो वर्षानुवर्षं केला, आणि लपवायचं कुणाला, तर दारातून आत येताना तिरका होणाऱ्या मुलाला! बाई एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर. नवरा रुवैसच्या रिफायनरीत, तो शुक्रवारी संध्याकाळी उगवणार. त्यामुळे या अवाढव्य लेकराला जगाच्या नजरेपासून वाचवायचं काम एकट्या बाईंवर पडलं होतं. "मुलगा मोठा झाला हं," असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "कसला मोठा? काही खातच नाही हो," म्हणून त्या विषय बदलायच्या. मासळीवाल्याकडून अख्ख्या सुरमया घेताना "घरी पार्टी आहे" असं सांगायच्या. ती पार्टी एकाच माणसाची असायची. एवढं करूनही कुणाची नजर लागलीच, तर बाई मीठ-मिरच्या ओवाळून तापल्या तव्यावर टाकायच्या. मग स्मोक अलार्म कोकलायचा, सगळी बिल्डिंग जिना उतरून खाली यायची आणि वॉचमन हात जोडून म्हणायचा, "सिस्टर, फिर से?"

अशा आईच्या मुलाला नेमकं अमेरिकन फुटबॉलचं वेड लागावं! दुबईत अमेरिकन मुलांचा एक क्लब होता. दर आठवड्याला ड्युटी संपवून, युनिफॉर्म न बदलता, बाई त्याला गाडीने तिकडे घेऊन जायच्या. त्याची जागा लाईनमनची. म्हणजे चेंडू याच्या वाट्याला यायचाच नाही. चेंडू फेकणाऱ्यावर धावून येणाऱ्यांना छातीने थोपवायचं, एवढंच काम. "बरं आहे ना भाऊ," बाई मला म्हणाल्या, "सगळे बॉलकडे बघतात. याच्याकडे कुणाचं लक्ष नाही."

पण लक्ष गेलं. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या कोचने त्याच्या खेळाचा व्हिडिओ पाहिला आणि आईशी बोलायचं म्हणाला. कोचला मुलगा पसंत पडला तर शिक्षण, राहणं, जेवण, सगळं कॉलेजचं. मुलगा दोन वर्षं याच दिवसाची वाट बघत होता. कॉल आमच्या घरी ठेवला, कारण त्यांचा सोफा मुलाच्या वजनाने केव्हाच खलास झाला होता. बाईंनी लॅपटॉप असा लावला की मुलाचं फक्त तोंड दिसावं.

कोचने पहिलाच प्रश्न उंची-वजनाचा विचारला.

"नॉट मच, सर," बाई उत्तरल्या. "थिन बॉय. मे बी नाइन्टी किलोज."

मी कपाळाला हात लावला. कोचचं हसू मावळलं. व्हिडिओत मोठा वाटला होता, तो म्हणाला, पण एवढ्याशा मुलाला त्या जागेवर उभं केलं तर पोरं त्याला तुडवतील. आभार मानून तो निरोपाची भाषा करू लागला.

"मॉम, प्लीज! टेल हिम द ट्रुथ!" मुलाचा आवाज फाटला होता.

बाईंनी गळ्यातला क्रॉस मुठीत धरला. मग त्या म्हणाल्या, "ऊठ, बाबा." तो उठला, तर स्क्रीनवर नुसता शर्ट. तो मागे सरत सरत आमच्या बाल्कनीच्या दाराला टेकला, तेव्हा कुठे डोक्यासकट मावला. "वन थर्टी सिक्स किलोज, सर," बाई एकेक शब्द उच्चारत म्हणाल्या. "सिक्स फीट फाइव्ह." आयुष्यभर पदराखाली झाकलेलं त्यांनी एका परक्या माणसापुढे उघडं केलं. एवढी धीट बाई मी पाहिलेली नाही, आणि तेव्हा मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

कोच पोट धरून हसला. मुलाची उंची दोन इंच वाढवून सांगणाऱ्या आया त्याला रोज भेटायच्या. कमी करून सांगणारी ही पहिलीच. तो हसत असतानाच बाई आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि मिरच्या घेऊन आल्या. पुढे काय झालं ते सांगायला नको. "यल्ला, चला, सगळे खाली!" माझी बायको ओरडली, आणि कोच अमेरिकेत बसून अलार्म ऐकत राहिला.

मुलगा ऑगस्टमध्ये गेला. काही दिवसांनी बाई मोबाईल घेऊन आमच्याकडे आल्या. त्याच्या टीमचा पहिला फोटो आला होता. एका रांगेत ते सगळे लाईनमन, एकेक कपाटाएवढा, आणि मधे आमचा. बाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, मग आणखी मोठा.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "किती लहान दिसतो हो."

मी चष्मा लावून पाहिलं. मिशी नीट फुटलेली नाही, हसताना अवघडलेला, हात कुठे ठेवावेत ते कळत नसलेला. मुलगा खरोखरच लहान होता. इतकी वर्षं तो समोरच्या दारातून ये-जा करत होता, आणि हे त्याच्या आईशिवाय कुणालाच दिसलं नव्हतं.