दोन्ही हात मोकळे राहतील असा कॅमेरा

गारगोटीच्या शाळेवर बदली झाल्याचं कळलं, त्या दिवशी घरात मी सोडून सगळे खूश होते. पगार वाढणार होता. मला मात्र एकच काळजी लागली होती: दादाचं कसं होणार?

दादा माझा थोरला भाऊ. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे बोलताही येत नाही. हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावात तो पानमळ्यात काम करतो. शिडीवर चढून वेल बांधण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही. पण त्याच्या हातांची भाषा कळते ती फक्त आईला आणि मला. मळ्याचा मालक, दुकानदार, न्हावी, सगळ्यांना दादाचं म्हणणं मीच सांगायचो. मी गारगोटीला गेलो, की आई आणि तो एवढंच त्याचं जग राहणार होतं.

कॅमेऱ्याचं डोक्यात आलं ते स्टेशनवर. गाडीची वाट पाहणाऱ्या एका साहेबानं खिशातून चपटी डबी काढली, तिचं तोंड पुढं ओढलं आणि फलाटावरच्या विड्याच्या पानांच्या पाट्यांचा फोटो घेतला. दादा त्या डबीकडे असा पाहत राहिला, की साहेबानं हसून ती त्याच्या हातात दिली. घरी आल्यावर दादानं आईला सगळी हकीकत हातांनी सांगितली, पण ती डबी काही त्याला दाखवता येईना. शेवटी चिडून तो उठून गेला. त्याच वेळी मी ठरवलं, की बदलीच्या आधी कोल्हापूरला जायचं आणि दादाला रोज जवळ बाळगता येईल असा कॅमेरा घेऊन द्यायचा.

आमच्यासारखा कुणी असा कॅमेरा शोधत कोल्हापूरला निघणार असेल, तर त्याच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

फाल्गुन संपत आला होता. हातकणंगल्याहून सकाळची गाडी धरली. तिसऱ्या वर्गाचं तिकीट आण्यांत मिळतं. डाव्या-उजव्या बाजूचा विचार करू नका, मिळेल ती खिडकी पकडा, कारण रुकडीच्या पुढं पंचगंगेवरचा पूल दोन्हीकडून छान दिसतो. पुलावर गाडीची धडधड वाढली तशी दादानं तळहात डब्याच्या फळीला लावला आणि माझ्याकडे पाहून हसला. त्याला गाडी ऐकू येते ती अशी.

स्टेशनबाहेर टांगेवाले अंगावर येतात. "या पावणं, कुठं जायचं? देवळाकडं न्हवं? बसा की!" सामान कमी असेल तर सरळ चालत निघा. आम्ही देवळाजवळच्या धर्मशाळेत पथाऱ्या टाकल्या, खाणावळीत भाकरी आणि तांबडाजर्द रस्सा खाल्ला. रस्सा जपून. दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तरी त्यानं वाटी पुन्हा पुढं केली.

फोटोवाल्याचं दुकान महाद्वाराच्या अलीकडे एका माडीवर आहे. मालक रसूलभाई, पिढीजात कोल्हापूरचे, पांढरी दाढी, बोलणं असं की रस्त्यावर ऐकू जावं. त्यांचे वडील पालख्यांना रंग द्यायचे, हे फोटोकडे वळले. मी दादाबद्दल सांगितलं. त्यांनी एकदा दादाकडे पाहिलं आणि नंतर सगळा वेळ त्याच्याकडे पाहूनच बोलले. मला ते फार बरं वाटलं. बहुतेक लोक दादाबद्दल बोलतात ते माझ्याकडे पाहून.

पहिला कॅमेरा तीन पायांच्या घोडीवरचा, काचेवर फोटो घेणारा. "ह्यो लग्नाचा. ह्यो न्हाई चालायचा," असं त्यांनीच सांगून टाकलं. दुसरा म्हणजे काळ्या कातड्यानं मढवलेली चौकोनी पेटी. फिल्मचा रोल भरायचा आणि कळ दाबायची. स्वस्त, मजबूत, पडला तरी बिघडत नाही. मी मनात तोच पक्का केला होता. फोटोही मोठा निघतो. दादानं पेटी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, वरच्या काचेत पाहिलं. मग त्याला मला काहीतरी विचारायचं होतं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, पेटी जमिनीवर ठेवली, विचारलं, पुन्हा उचलली. परत काही आठवलं. परत खाली ठेवली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ज्याचे दोन्ही हात म्हणजेच तोंड, त्याच्या हातात दिवसभर पेटी देणं म्हणजे त्याचं तोंड बांधणं.

"रसूलभाई, खिशात मावणारा काही आहे का?"

त्यांनी कपाटातून एक डबी काढली. स्टेशनवर पाहिली तशीच. मिटली की तळहाताएवढी, ओढली की पुढं छोटा भाता उलगडतो. एका मडमेनं विलायतेला जाताना विकली होती, म्हणून नव्यापेक्षा बरीच कमी किमतीत मिळत होती. तरीही माझ्या पगाराच्या मानानं ती उडीच होती. रसूलभाईंनी खोडही लपवली नाही. "फोटो बारका निघतोय बघा. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा. ऊन पायजे. आन् हात हालला की झालं धुकं."

दादानं डबी बंडीच्या आतल्या खिशात सरकवली, दोन्ही हात वर केले आणि किती तरी वेळ बोलत राहिला. शिडीवर चढल्याची खूण, वेल, पोपट, आईच्या भाकरीची खूण. तो काय काय टिपणार, ते सगळं.

"काय म्हणतोय?" रसूलभाईंनी विचारलं.

"हाच घ्यायचा म्हणतोय."

"एवढं बोलला आन् एवढंच?" ते गडगडून हसले.

रोल भरायचा, डबीच्या पाठीवरच्या छोट्या लाल खिडकीतला आकडा पाहून फिल्म पुढं सरकवायची, हे त्यांनी दादाला तीनदा करून दाखवलं. एका रोलात आठच फोटो, त्यामुळे उधळपट्टी नको. धुवायला रोल त्यांच्याकडेच द्यायचा, फोटो टपालानं घरी येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगावेशीला गेलो. कोल्हापूरला येऊन धारोष्ण दूध न पिता परत गेलात तर तुमची तुम्हाला शपथ. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढून फेसाळता पेला हातात देतात. हौसाबाई नावाच्या एका दांडग्या बाईच्या म्हशीपाशी दादा थांबला. त्यानं डबी काढून छातीशी धरली.

"काय करतोय ह्यो? म्हशीला नजर लागंल!" हौसाबाई ओरडल्या. दादानं त्यांना जवळ बोलावून वरच्या काचेत पाहायला लावलं. काचेत म्हैस नखाएवढी दिसत होती. बाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अगं बया! माजी चंद्री एवढीशी!" मग त्यांनी चंद्रीचं तोंड धरून ठेवलं, फोटो हलू नये म्हणून.

दुपारी कुस्त्या होत्या. महाराजांनी बांधलेलं नवं मैदान पाहायचं दादाच्या फार मनात होतं. बाहेरच माणसांचा पूर लोटला होता. एका दगडी पायरीपाशी दादाला उभं करून मी दोन पावलांवर चणेफुटाणे घ्यायला वळलो आणि आरोळी उठली, "महाराजांची गाडी आली! गाडी आली रं!" सगळी गर्दी एका अंगाला लोटली. मीही तिच्याबरोबर वाहत गेलो. फेटे, धूळ, मुजरे. गाडी निघून गेल्यावर कसाबसा पायरीपाशी परत आलो. दादा नव्हता.

मी हाका मारत सुटलो. "दादा! ए दादा!" घसा कोरडा पडला तेव्हा कळलं, मी कुणाला हाका मारतो आहे ते. या शहरात त्याला नाव सांगता येणार नव्हतं. गाव सांगता येणार नव्हतं. अक्षर येत नव्हतं. खिशात किमती वस्तू होती, आणि ती त्याचीच आहे हेही त्याला कुणाला पटवता येणार नव्हतं.

मैदानाचे सगळे दरवाजे फिरलो. चौकीवर गेलो. तिथल्या शिपायानं वर्णन नीट ऐकून घेतलं, आपला एक माणूस धर्मशाळेकडे पाठवला. तिथं नाही. तळ्यावर नाही. शेवटी रसूलभाईंची माडी गाठली. एक गिऱ्हाईक नवा कोट घालून फोटोसाठी ताठ बसलं होतं. माझा चेहरा पाहूनच रसूलभाई म्हणाले, "काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हटलं, दाराला कडी लावली आणि माझ्याबरोबर उन्हात निघाले. वाटेत भेटेल त्याला विचारत होते. "भाऊ हाय माजा. मुका हाय. बघितला का?" भाऊ हाय माजा, असं ते म्हणत होते.

उन्हं उतरायला लागली. मी एका कट्ट्यावर बसलो. दादाच्या जागी मी असतो तर कुठं गेलो असतो? ओळखीचं दार एकही नाही. मग मनात आलं, या शहरात त्याच्याकडे पाहून मनापासून हसलं होतं कोण?

"रसूलभाई, गंगावेस!"

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळच्या धारा सुरू झाल्या होत्या. चंद्रीच्या मागं, पेंढीवर, दादा बसला होता. हातात दुधाचा पेला, ओठांवर फेस. मला पाहताच पेला सांडून उठला. आम्ही दोघं भर रस्त्यात गळ्यात पडून रडलो. लोक पाहत होते, पाहू देत.

हौसाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "तुमीच ते चष्मेवालं मास्तर न्हवं? बराच वेळ झाला आलाय. डोळ्याला अशी दोन कडी केली, हितपतूर उंची दाखवली, खडूनं भिताडावर लिवल्यागत केलं. म्हटलं, भाऊ मास्तर दिसतोय, चुकामूक झालीया. बस म्हटलं हितं, येतोय."

"तुम्हाला त्याचं सगळं कळलं?"

"न कळायला काय झालं? हात करून सांगतोय की ढळढळीत!" मग जरा थांबून म्हणाल्या, "जेवलाय बरं का. माज्या घरातली भाकरी खाल्ली त्यानं."

त्यांना मी काय देणार? पैशाचं नाव काढलं तर अशा काही बोलल्या, की रसूलभाई दोन पावलं मागं सरले.

दुसऱ्या दिवशी रोल रसूलभाईंकडे धुवायला देऊन सकाळच्या गाडीनं परत निघालो. दादा खिडकीशी झोपला होता, एक हात बंडीच्या खिशावर. मी मात्र जागाच होतो. इतकी वर्षं मला वाटत होतं, की माझ्यावाचून जगाला दादा कळायचा नाही. मी पुढं होऊन बोलायचो, त्यामुळे लोकांना त्याच्याकडे पाहण्याची गरजच पडत नव्हती. आदल्या दुपारी मी नव्हतो, तेव्हा त्यानं दोन मोकळ्या हातांनी एका अनोळखी बाईला आपली सगळी हकीकत सांगितली होती. भीती अजून गेली नव्हती. पण त्या बाईबद्दल, त्या दाढीवाल्या माणसाबद्दल, चौकीवरच्या त्या शिपायाबद्दल मन इतकं भरून आलं होतं, की गाडीतल्या कुणालाही धरून सांगावंसं वाटत होतं.

आठवड्यानं टपालानं फोटो आले. एक सांगून ठेवतो: प्रत्येक फोटोनंतर फिल्म पुढं सरकवायला विसरू नका. आमच्या पहिल्या फोटोत मी आणि चंद्री एकावर एक आलो आहोत. माझ्या चष्म्याच्या जागी तिची शिंगं. आईनं तोच फोटो देवघराशेजारी लावला.

मग मी गारगोटीला गेलो. दादा महिन्या-दोन महिन्यांनी एकटाच गाडीत बसून रोल धुवायला कोल्हापूरला जातो, असं आई कुणाकडून तरी लिहवून कळवायची. वाचून आधी धडकी भरायची, नंतर भरेनाशी झाली.

दिवाळीला घरी आलो. फराळ झाल्यावर दादानं नवे फोटो सतरंजीवर मांडले. गूळ भरलेल्या बैलगाड्या. घाटाचं वळण. नारळाची झाडं. आईनं सांगितलं, गुळाच्या गाडीवानांबरोबर तो कोकणात उतरला होता, त्यांच्याशी त्याची चांगली गट्टी जमली आहे. शेवटचा फोटो त्यानं माझ्या हातात दिला. वर नुसतं आभाळ, खाली नुसतं पाणी.

आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिला नव्हता. मीही नाही, शाळेत नकाशावर रोज शिकवत असूनही.

दादा बोलू लागला. तळहात पसरले, पुढं ढकलले, मागं ओढले. ते मला कळलं. मग तो उठून उभा राहिला, पायांकडे बोट दाखवलं आणि टाचांवर हळूहळू मागं झुकत गेला, डोळे मोठे करून, हसत. ही खूण मी कधी पाहिली नव्हती. पुन्हा केली. तरी कळेना.

"अरं, पायाखालची वाळू सरकतीया म्हणतोय," आई म्हणाली. "एवढं कळंना व्हय तुला?"

दादानं माझा हात धरून मला उठवलं, शेजारी उभं केलं, आणि टाचांवर कसं झुकायचं ते दाखवू लागला.