अंगणातल्या खुर्च्या

देऊळगाव राजात जमिनीकडे निरखून पाहणारा माणूस एकतर ती विकत घेणार असतो, नाहीतर त्याचं काहीतरी हरवलेलं असतं. आमच्या शेजाऱ्यांची थोरली मुलगी हा या नियमाला एकमेव अपवाद. तिला जमीन घ्यायची नव्हती, समजून घ्यायची होती. अमरावतीहून आर्किटेक्चरची पदवी घेऊन ती घरी आली, हाती आलेली नोकरी नाकारली आणि लँडस्केप आर्किटेक्चरच्या पुढच्या शिक्षणाची तयारी करणार असल्याचं जाहीर केलं. इमारतीच्या बाहेर जे असतं, म्हणजे झाड, पाणी, पायवाट, सावली, बसायची जागा, ते कसं असावं हे ठरवण्याची ही विद्या. आधी लेखी परीक्षा, मग स्वतःची रेखाटनं घेऊन मुलाखत. वडील शाळेत लिपिक. त्यांनी अट घातली, "एक वर्ष घे. नंबर लागला तं जा. नाई लागला, तं मी म्हणीन ते स्थळ." अमडापूरच्या मामांना मात्र हा माळीकामाचा कोर्स वाटला. "एवढं शिकून आता झाडं लावशीन का वं?" ते म्हणाले. "लाव. आमच्या बकऱ्या वाटच पाहून राह्यल्या."

तिने मामांचा शब्द खाली पडू दिला नाही. भर चैत्रात छत्री घेऊन ती अमडापूरला गेली आणि अख्खा दिवस त्या बकऱ्यांच्या मागे फिरली. दुपारी बकऱ्यांनी बांधावरची डेरेदार चिंच सोडली आणि नाल्याकाठच्या एका बेताच्या करंजाखाली बसकण मारली. हीही तिथेच बसली. तेव्हा तिला कळलं की नाल्यातून वर येणारा वारा नेमका तिथून जातो. "माणूस लाजेखातर उन्हात बसते, मामा," ती संध्याकाळी म्हणाली. "बकरी बसत नाई." मामांनी हे हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांची बाज करंजाखाली गेली. बकऱ्यांवर लक्ष ठेवायला बरं पडतं, असं त्यांनी कारण दिलं.

कुठेही गेली की ती आधी तांब्याभर पाणी मागायची आणि ते अंगणात ओतायची. पाणी कुठे वळतं ते पाहत उभी राहायची. आमच्या ओळीतल्या एका दुकानदाराच्या वास्तुशांतीला तिने हाच प्रयोग केला आणि पानावर बसण्यापूर्वी यजमानांना सांगितलं, "काका, हे पाणी तुमच्या स्वयंपाकघरात जाईन." शुभकार्यात असं बोलणं कोणाला आवडलं नाही. श्रावणात पाणी स्वयंपाकघरात गेलं, तेव्हा दुकानदार तावातावाने तिच्या वडिलांकडे आले. पाणी जणू तिनेच पाठवलं होतं. तिने त्यांना अंगणाच्या उताराचा नकाशा काढून दिला. त्याप्रमाणे चर खोदून झाल्यावरही त्यांचा राग महिनाभर टिकला.

बसलेल्या माणसाला "इथंच काऊन बसले?" असं विचारण्याचीही तिला सवय होती. प्रश्न इतक्या आदराने यायचा की माणूस खरं सांगून मोकळा व्हायचा. बसस्थानकाजवळच्या एका आजोबांनी सांगितलं, "इथून गाडी दिसते, अन् सुनेले मी दिसत नाई." चांगल्या बाकाने ही दोन्ही कामं केली पाहिजेत, असं तिने मला अतिशय गंभीरपणे समजावलं होतं. मी तालुक्याची बातमीदारी करतो. लोकांना इतकं खरं बोलतं करणं मला जमलेलं नाही.

लेखी परीक्षेत ती पास झाली. मुलाखत महिन्यावर आली असताना जालन्याहून एक स्थळ आलं. मुलगा पुण्यात इंजिनिअर. "पाहून जातीन, आपलं काय जाते?" असं म्हणत वडिलांनी होकार कळवला. शेजारी म्हणून मलाही बोलावणं होतं. त्या दुपारी वीज गेलेली, म्हणून खुर्च्या अंगणातल्या कडुनिंबाखाली मांडल्या. पाहुणे पोहे खात होते आणि सावली सरकत होती. आधी मुलाच्या वडिलांनी खुर्ची ओढली, मग काकांनी, मग आईने पदर सावरत. मुलगा तेवढा जागचा हलला नाही. त्याच्या हातात बशी होती आणि नजर खाली. थोड्या वेळाने सगळे पाहुणे भिंतीला चिकटून एका रांगेत आले आणि नवरामुलगा एकटाच उन्हात राहिला.

मुलीची नजर खुर्च्यांच्या पायांवर होती.

"स्वयंपाक येतो ना?" मुलाच्या आईने विचारलं.

"हो, येतो. काकू, तुम्ही डावीकडं सरका. सावली आता तिकडं येईन."

काकू सरकल्या. मग तिने मुलाच्या वडिलांना उठवलं, काकांना उठवलं आणि शेवटी मुलाला म्हणाली, "तुम्ही काऊन बसले उन्हात? या इकडं." तो आला.

जालन्याहून लगेच होकार आला. मुलगी मोठ्यांची फार काळजी घेते, असं त्यांचं मत पडलं होतं. वडील विरघळले. घरी आलेलं चांगलं स्थळ समोर आणि मुलाखतीचं काय होणार, कोणालाच ठाऊक नाही. ती वाद घालत बसली नाही. त्या दुपारचं रेखाटन तिने वडिलांपुढे ठेवलं. त्यात प्रत्येक खुर्ची कुठून कुठे गेली याच्या रेघा होत्या, सावलीच्या कडा होत्या आणि बराच वेळ न हललेला एक ठिपका होता. वडिलांनी एकेका रेघेवरून बोट फिरवलं. "आपलं अंगण एवढं मोठं आहे?" त्यांनी विचारलं. मग चष्मा पुसला आणि स्वतः जालन्याला फोन लावला. "पोरगी शिकायले जाऊन राह्यली," ते म्हणाले. नंबर लागायचा होता अजून.

मुलाखतीत तिने बागांचे आराखडे पुढे केले, पण परीक्षक त्या खुर्च्यांपाशीच अडले. हा ठिपका का हलत नाही, असं त्यांनी विचारलं. तिने दिलेलं उत्तर मला नंतर तिच्याकडूनच कळलं: "सावली दिसली की बाकीचे आपोआप सरकतात, सर. जागा आखायची ती न सरकणाऱ्यासाठी."

तिचा नंबर लागला.

जूनमधल्या एका सकाळी जालन्याच्या एस.टी.त तिला बसवून द्यायला तिचे वडील आणि मी गेलो; पुढे तिला रेल्वेने जायचं होतं. वडिलांनी बॅग वर ठेवली, पाण्याची बाटली खिडकीतून दिली, पोहोचल्यावर फोन कर म्हणाले. इतरांच्या घरांत पाणी कुठून शिरेल हे न विचारता सांगणाऱ्या त्या मुलीने फक्त मान हलवली. गाडी हलली. ऊन चढलं होतं. मी शेडखाली गेलो आणि त्यांनाही हाक मारली.

ते फलाटाच्या पुढे, रस्त्याच्या कडेला जाऊन उभे होते.

"तिथं नाई," ते मागे न पाहता म्हणाले. "तिथून मी दिसणार नाई तिले."