देव्हाऱ्याशेजारचं कॅलेंडर

माझ्या भावानं लातूरच्या आमच्या क्लासचं अख्खं फिजिक्स फुकट वाटलं. ती चोरीच होती, मी तिला समाजसेवा म्हणणार नाही. पण शिक्षा ज्याला झाली, त्याला टोरंट म्हणजे काय हे आजही माहीत नाही.

मी मेडिकलसाठी रिपीट करत होते. क्लासचे रेकॉर्ड केलेले तास माझ्या मोबाइलवर यायचे. दादा हैदराबादला नोकरीला. सुट्टीत घरी आला की तो ते उतरवून घ्यायचा आणि टोरंटवर, म्हणजे लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून थेट फाइली घेतात त्या जाळ्यावर, टाकायचा. आमच्या मुखेडची, इस्लापूरकडची, लातूरच्या क्लासची पायरीही न चढलेली पोरं ते घ्यायची. आपण घेतलेलं पुढं देत राहायचं, एवढाच तिथला नियम.

"ह्याला मालकच न्हाई गं," दादा म्हणायचा. "प्रोग्राम जगभरच्या लोकांनी फुकट लिहिलाय, उघडा ठेवलाय. नोटीस धाडतील कुणाला?"

क्लासच्या मालकांना आम्ही सर म्हणायचो. त्यांच्या वकिलानं नोटिसा धाडल्याच, कुठल्या कुठल्या वेबसाइटींना. एक बंद पडली की दुसरी उघडायची. सरांचा जळफळाट व्हायचा आणि तो आमच्यावर निघायचा.

दादा हुशार, म्हणजे स्वतःच्या मते. व्हिडिओ कुणाकडून बाहेर गेला ते कळावं म्हणून त्यावर माझा मोबाइल नंबर पुसट छापलेला यायचा, तो त्यानं नीट पुसून काढला. मग, कुठल्याही कामाआधी कुलदेवीला हात जोडायची घरची सवय, म्हणून प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला आमच्या देव्हाऱ्यातल्या माहूरच्या रेणुकेचा फोटो लावला. चोरीला देवीचा आशीर्वाद! फोटोत देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर बाबांच्या किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं, गिऱ्हाइकांना दिवाळीत वाटतात तसलं. त्यावर दुकानाचं नाव, मुखेड, आणि बाबांचा नंबर. जन्मापासून भिंतीवर तेच बघत आलेल्या माणसाला ते दिसलंच नाही.

सरांना दिसलं. त्यांनी बाबांना फोन लावला. एकतर पोरावर केस आणि परीक्षा तोंडावर असताना पोरगी क्लासबाहेर, नाहीतर सगळ्या बॅचसमोर माफी. बाबांनी दादाला कळवलंसुद्धा नाही. सकाळच्या एसटीनं निघून आले.

हॉल खचाखच भरला होता. स्टेजवर चढताना बाबांनी खाली चपला काढल्या. मला तेव्हा त्यांचा राग आला. देऊळ आहे का ते?

"सर, लेकराचं चुकलं," बाबा माईकवर म्हणाले. "पोरीला तेवढं बसू द्या."

"चुकलं नाही. चोरी म्हणा."

"चोरी झाली, सर."

"आपोआप झाली का?" सर हसले. "मी चोरी केली, असं म्हणा. बाप आहात ना तुम्ही?"

बाबांनी एकदा बाकांकडं पाहिलं. मी मान खाली घातली नाही, एवढंच मला जमलं. मग ते म्हणाले, "मी चोरी केली."

समोर एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता. सरांनी माईक हातात घेतला. "आपला कुठलाही व्हिडिओ बाहेर पाठवायचा नाही, माहीत आहे ना? हा मात्र सगळ्यांनी पाठवा. घरी, गावी, सगळ्या ग्रुपवर. याला कॉपीराइट नाही."

हॉल हसला. माझ्या शेजारची खदखदून हसली. दादानं टाकलेले सगळे धडे तिच्या पेनड्राइव्हमध्ये होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोर टाळ्या वाजवत होते.

माझी जागा वाचली. बाबांना स्टँडवर सोडलं. "आईला काई सांगू नको," एसटीत चढताना ते म्हणाले. "मी सांगतो सावकाश."

मी खोलीवर पोचले तेव्हा ते अजून वाटेतच होते. फोन वाजला. आई होती.

"यांनी कुणाचं काय चोरलं गं?"