कान हुंगणारी डॉक्टरीन

आता हसू येते सांगाले, पन गुंजन कटरे पहिल्यांदा दारात आली तवा मी तिले सोयरीक जमवणारीच समजली. सासू कुठची, सासूची माय कुठची, मामाची पोरगी कोनी केली, सारं विचारून राहिली. वहीत पुरुषाले चौकोन, बाईले गोल काढून राहिली. मी लगेच पुतन्या हिमांशूचा फोटो काढला. तं मन्ते, "काकू, या घरात लेकरं किती गेली?"

फोटो ठेवून देल्ला.

नागपुरात संशोधन करते मने. बारा वर्सं झाली, गावोगाव येष्टीनं येते आन लेकराईचे लंगोट हुंगते. लोक डॉक्टर होऊन दवाखाने बांधतात, हिनं नाक कमावलं. काही लेकराईले दूध-डाळीतलं काही पचत नाही, त्याचं आंगात विष होते. मायबापाकडून येते मने हा रोग. अशा लेकराच्या मुताले आन कानाच्या मळाले जळल्या साखरेचा वास येते.

माह्या सुनेचा, दुर्गेश्वरीचा, पहिला पोरगा गुंजन यायच्या आधीच, अकराव्या दिवशी गेला. गावानं नजर लागली मनलं. मी मनलं सुनेच्या माहेरचा दोष. आपल्या घरात तं दोष राहातच नाही ना.

दुसऱ्या खेपेले पोरगी झाली, सोनू. गुंजन दुसऱ्याच दिवशी हजर. पोरीचा कान हुंगला, टाचेतलं रक्त कागदावर घेतलं आन रिपोर्टची वाट न पाहता नागपूरले भरती केलं. आज सोनू दोन वर्साची हाये. वेगळं पावडरचं दूध पेते, मोजून भात खाते, आन बोलते माह्यापेक्षा जास्त.

मागच्या हप्त्यात गुंजन आली तवा दुर्गेश्वरीनं खाली मान घालून विचारलं, "ताई, दोष माहाच होय का?"

"माय आन बाप, दोघाईकडून आला तरच हा रोग होते."

"आमच्याकडून कायले येईन?" मी मनलं. "हिचं माहेर गोरेगावचं, माही आजी तं सडक अर्जुनीची."

गुंजननं वही उघडली. "तुमची आजी गोरेगावची. दुर्गेश्वरीच्या पणजोबाची सख्खी बहीण."

"माही आजी मले माहीत का तुले?"

"मले."

मी भावाले, केशोरावले, फोन लावला. स्पीकरवर. अक्कल पाहा माही.

"गोरेगावचीच ना वो बाई," तो मने. "सडक अर्जुनीले तिची मावशी राहे."

दुर्गेश्वरी पदरात तोंड घालून हसून राहिली. गुंजननं मानही वर केली नाही. "काकू, कबूल लिहू का?"

"लिही," मी मनलं.