घाटंजीच्या पाहुण्यांचा नारळ

शाळेत मी कधी गेले नाही. भावाच्या पाटीवरून अक्षरं उचलली, आणि लग्न होऊन पोलीस पाटलाच्या घरी आले तेव्हा तेवढ्यावर माझा भाव वधारला. मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, नजर अधू झालेली. गावातले जन्म आणि मरणं ज्यात चढवायची ते कोतवाल बुक त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. ते सांगायचे, मी लिहायची. बुक पेटीत राहायचं.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. आमच्या गल्लीतला एक तरणा पोरगा यवतमाळच्या दवाखान्यात वारला. त्याची आई डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आली.

"पाटील, नुसता ताप लिवा. घरात लग्नाची पोरगी हाये."

चिठ्ठीत क्षय होता. मामाजींनी ती माझ्याकडून वाचून घेतली. मग म्हणाले, "सरकारी कागद हाये वं बाई, खोटं कसं लिवू? पण बुक पेटीत रायते. कोनाले दिसते?"

मी क्षय लिहिलं. त्याचं मला आजही काही वाटत नाही. पुढचं जे झालं ते मात्र माझं.

वर्षभरानं त्या पोरीला पाहायला घाटंजीहून दोन बाया आल्या. जाताना पाणी प्यायला आमच्याकडे थांबल्या. मामाजी शेतात गेलेले. त्यातली नवऱ्या मुलाची आत्या मोठी बोलकी.

"तुम्हीच का लिवनाऱ्या सूनबाई? लिवता म्हंतात, पन वाचताही येते का?"

मला ते झोंबलं. मी पेटी उघडली.

"त्या घरचा पोरगा गेला म्हने मांगं. त्याचं हाये का यात?"

ती कायले विचारून राह्यली हे मला कळलं नाही, असं मी कैक वर्षं स्वतःला सांगत आले. कळलं होतं. पण बोट ओळीवर गेलं होतं, आणि मी वाचलं. नाव, वय, आजार, सगळं खणखणीत.

"मोठं गोड वाचता, बाई," आत्या म्हणाली. चहा नको म्हणाली. त्या घरी ओटीत मिळालेला नारळ तिनं आमच्या ओसरीवर ठेवला आणि दोघी निघून गेल्या.

मामाजींनी घरी आल्यावर सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, "नारळ नेऊन दे."

मी नेला. पोरीची आई दारात होती. "तुमच्याकडे कसा काय?"

"इसरल्या वाटते," मी म्हटलं.

तिनं नारळ हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेली.

पोरगी आणखी चार वर्षं घरी राहिली. मग आर्णीला बिजवराकडे दिली, दोन लेकरांच्या बापाला. पुढे तिची आई गेली तेव्हा नोंद करायला तीच आली. मी बुक उघडलं. विचारलं, "काय लिवू?"

"जे झालं ते लिवा, वयनी. वाचून नका दाखवू कोनाले."

मी मान खाली घालून लिहिलं.

आता ऐकते की मेलेल्या माणसाचे कागद कोणालाही दाखवता येऊ नयेत, तसे नवे कायदे पाहिजेत. पाहिजेतच. पण आमच्या पेटीला तेव्हाही कुलूप होतं. किल्ली माझ्या कमरेला होती.