कोंबडीचा कॉलम

दोन पोसलेल्या कोंबड्या, कापणीचे दोन दिवस आणि गाडीभर कोळसा वाहून नेणं... हे जमिनीचं भाडं आहे की नाही? तुम्हीच सांगा. 'आहे' म्हटल्याबद्दल इब्राहिमचाचांची नोकरी गेली. आता ते स्वतःच गेले, त्याला दीड महिना झाला. रत्नागिरीजवळच्या गावातून खैरूनचाचीचा फोन आला तेव्हा बाबा दाढी करत होते. "सुधीरभाऊ, हे गेले," एवढंच ती बोलली. बाबा अर्ध्या गालावर साबण घेऊन खुर्चीत बसून राहिले, आणि मला त्यांची दया यायच्या ऐवजी राग आला. तो का आला, हे सांगायलाच हा लेख लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाबा आणि चाचा आखातात, जबल अलीच्या फ्री झोनमध्ये एका डेटा एन्ट्री कंपनीत शेजारी शेजारी बसत. शारजातल्या अल नहदाहून कंपनीची बस पहाटे निघायची. काम असं होतं : इंग्लंडला लागून वेल्स नावाचा डोंगराळ मुलुख आहे, तिथल्या जुन्या जमीनदारांच्या इस्टेटींची दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची दप्तरं. कुठलं शेत, कुळ कोण, भाडं किती, हे सगळं कुणा कारकुनाच्या किरट्या अक्षरात. त्या पानांचे फोटो सीडीवर यायचे आणि वाळवंटातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून आमची माणसं ते कॉम्प्युटरवर उतरवायची. चाचा पूर्वी रत्नागिरीत एका वकिलाकडे कारकून होते, त्यामुळे जगातलं कुठलंही वाईट अक्षर त्यांना वाचता यायचं. त्यांनी त्या जुन्या अक्षरांचा एक तक्ता बनवला, तो शेडच्या भिंतीवर लागला आणि नवा माणूस आला की आधी त्या तक्त्यासमोर उभा केला जाई.

शुक्रवारी सुट्टी मिळाली की चाचा आमच्याकडे जेवायला यायचे, येताना सुरमई आणायचे. "बारा दिरहम किलो! म्हणजे दीडशे रुपये! आमच्या बंदरावर ह्यात टोपली आली असती," असं म्हणत पिशवी आईच्या हातात द्यायचे. एका शुक्रवारी मात्र ते सुरमईच्या भावाचं बोललेच नाहीत. "बाय गो, ऐक," ते मला म्हणाले, "त्या गोऱ्यांच्या देशातपण खोत होते बघ. माझा आजा खोताला दिवाळीला कोंबडा द्यायचा, पावसात चार दिवस फुकट नांगर धरायचा. तेच तिथे! कुळ पैसे देणार, वर नाताळाला कोंबड्या, वर कापणीला राबणार. आणि कुळ मेलं की घरातलं सगळ्यात चांगलं जनावर जमीनदाराचं. काल माझ्या पानात एका विधवेची काळी गाय नेली."

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "चाचा, इट्स जस्ट चिकन!" त्यावर ते हसले. "चिकन तुझ्या ताटात. त्या विधवेच्या घरात ती विकून मीठ-मिरची यायची."

कंपनीने कॉम्प्युटरवर दिलेल्या फॉर्ममध्ये चारच कॉलम होते : मालक, शेत, कुळ, रक्कम. कोंबडी कुठे लिहायची? चाचा ती कुळाच्या नावापुढे टाइप करू लागले. आणि इथे घोळ सुरू झाला, कारण प्रत्येक पान दोघांनी वेगवेगळं उतरवायचं असे आणि मशीन ते ताडून बघे. दोघांचं जुळलं की पान खरं. फरक आला की सुपरवायझर ठरवणार कोण चुकलं, आणि चुकणाऱ्याच्या नावावर चूक चढणार. चाचांच्या पानांचे जोडीदार होते माझे बाबा. ते कोंबडी सोडून द्यायचे. सुपरवायझर यायचा, "इब्राहिम भाई, मुर्गी का कॉलम है क्या? नहीं है ना? फिर खलास!" म्हणून चूक चाचांच्या नावावर टाकायचा.

आमच्याच घरी, जेवताना, चाचांनी एकदा विचारलं होतं. "सुधीर, तूपण लिही की रे. दोघांनी लिहिलं की मशीन गप बसतं."

"आणि पकडलं तर? व्हिसा फॅमिलीचा आहे माझा. हिची फी आहे."

"बरं, राहू दे," चाचा म्हणाले आणि माशाचा काटा काढत बसले... बाबा म्हणजे ज्यांनी कॉलेजात रस्त्यावर उभं राहून पत्रकं वाटली, ज्यांच्या पेटीतली ती पत्रकं वाचत मी वाढले, ते बाबा. कष्टकऱ्यांच्या घामाची नोंद इतिहास ठेवत नाही, असं त्यात जाड अक्षरात छापलेलं होतं. ती नोंद ठेवायला दोन शब्द पुरणार होते. दोन कोंबड्या, बस्स.

चुका साठल्या आणि चाचांना काढलं. सर्टिफिकेटवर 'कामाचा दर्जा असमाधानकारक' असा शेरा मारला. ज्याच्या तक्त्यावरून अख्खी शेड वाचायला शिकली त्या माणसाला! तक्ता भिंतीवरच राहिला, खाली सुपरवायझरचं नाव आलं. सगळ्यात चांगलं जनावर मालकाने ठेवून घेतलं. आज त्या इस्टेटींचा हिशेब कुणी संशोधक उघडेल तेव्हा त्याला पौंड, शिलिंग दिसतील आणि वाटेल, भाडं तसं माफकच होतं की!

गावी जाण्याआधी चाचा मीना बाजारातल्या कापडाच्या दुकानाची एक पिशवी आमच्याकडे ठेवून गेले. बाबांनी ती चपलांच्या कपाटावर टाकली आणि कधी उघडली नाही. फोननंतर ती मी उघडली. आत लांबट रजिस्टर होतं. पानांमागून पानं, वळणदार मराठीत : अमुक शेत, अमुक कुळ, कोंबड्या दोन, कापणी दोन दिवस. काळी गायही होती. शेवटच्या पानावर मात्र वेल्स नव्हतं. तिथे लिहिलं होतं : 'जबल अली. इब्राहिम, सुट्टीचे बिनपगारी राबलेले शुक्रवार अकरा. सुधीर, बिनपगारी शुक्रवार नऊ, त्यातला एक मुलीच्या वाढदिवसाचा.'

मी ते बाबांपुढे धरलं. त्यांनी ते शेवटचं पान वाचलं. मग माझं पेन मागून घेतलं, आपल्या नावापुढचा नऊ खोडला आणि दहा केला. "एक त्याला माहीत नव्हता," ते म्हणाले. रजिस्टर आता चपलांच्या कपाटावरून जेवणाच्या टेबलावर आलं आहे. माझा राग मात्र आहे तिथेच आहे.

तुमच्या घरातलं कुणी आखातात राबलं असेल, तर एवढं करा. पगाराच्या पावतीवर न आलेलं त्याने काय काय दिलं, ते लिहून काढा. पण एकट्याने नको. घरातल्या दोघांनी वेगवेगळं लिहा, मग शेजारी ठेवून ताडून बघा. दोघांचं जुळलं, तर ते खोडायला कुणाचा बाप येत नाही.